चार मिनिटांची ऊब

वेलिंग्टनच्या आमच्या भाड्याच्या घरातला गॅस हीटर बरोबर चार मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. बरोबर म्हणजे कधी तीन मिनिटं पन्नास सेकंद, कधी चार मिनिटं दहा सेकंद. हे मी अंदाजपंचे सांगत नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर मी एक वही ठेवली होती आणि दर खेपेला तारीख, वेळ, किती मिनिटं चालला, बाहेर वारा कसा होता, सगळं लिहीत होते. नवरा म्हणायचा, "हीटरची पत्रिका मांडतेयस का?" मांडत होतेच. इतका हट्टी ग्रह माझ्या स्वतःच्या पत्रिकेतही नसेल.

गोष्ट दोन हजार चौदाच्या हिवाळ्यातली, म्हणजे जून-जुलैतली. इथला हिवाळा तेव्हाच येतो. घर जुनं, लाकडी, टेकडीच्या उतारावरचं. पुढून जमिनीला टेकलेलं आणि मागून खांबांवर उचललेलं. मागच्या बाजूला घराखाली जायला एक बुटकं दार होतं आणि त्या दारातून आत वाकून गेलं की कपाटाएवढा हीटर उभा. गॅसवर हवा तापवायची, पंख्यानं ती जाड नळ्यांमधून ढकलायची आणि घराच्या जमिनीत बसवलेल्या जाळ्यांमधून वर सोडायची, अशी त्याची रीत. गार झालेली हवा एका मोठ्या नळीतून परत खाली जाते, पुन्हा तापते, पुन्हा वर येते. घर हवं तेवढं उबदार झालं की भिंतीवरचा थर्मोस्टॅट त्याला थांबायला सांगतो. आमचा मात्र कुणी न सांगताच थांबायचा. मग पाच-सात मिनिटांनी पुन्हा पेटायचा, पुन्हा चार मिनिटं. घर तेरा अंशांच्या वर जायचं नाही. सहा वर्षांची लेक शाळेचा युनिफॉर्म पांघरुणाच्या आतच चढवायची आणि आतूनच ओरडायची, "आई, इट्स डन इट अगेन!"

मी कोण ते इथंच सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्यावरूनच झालं. पुण्यात अकरा वर्षं मी बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. बर्नर पेटवायचा, ज्योत स्थिर राहते का बघायची, सुरक्षेचे स्विच वेळेवर तोडतात का ते तपासायचं आणि सही करायची. माझ्या सहीशिवाय बॉयलर फाटकाबाहेर जात नसे. मग नवऱ्याला इथल्या एका सरकारी खात्यात आयटीची नोकरी लागली आणि आम्ही आलो. तीन वर्षांत मी किती अर्ज केले ते आता आठवत नाही. उत्तर सगळीकडून एकच यायचं, तेही फार गोड भाषेत. अनुभव उत्तम आहे, पण न्यूझीलंडमधला नाही. जणू इथली ज्योत वेगळी जळते. शेवटी मी कोपऱ्यावरच्या डेरीत कामाला लागले. इथे डेरी म्हणजे दूध, पाव, वर्तमानपत्र, गोळ्या-बिस्किटं विकणारं छोटं दुकान.

काम वाईट नव्हतं. वाईट याचं वाटायचं की माझं मलाच खरं वाटेनासं होत चाललं होतं. "मी इंजिनियर आहे" असं मी कुणाला शेवटचं कधी म्हटलं होतं, आठवेना. त्या हिवाळ्यात मला ऊब हवी होती हे खरंच. पण त्याहून जास्त मला हे हवं होतं, की मी बर्नरबद्दल काही बोलले तर समोरच्यानं ते बर्नर ओळखणाऱ्या माणसाचं बोलणं म्हणून ऐकावं. बाकी काही नाही. तेवढं मिळाल्याशिवाय मी गप्प बसणार नव्हते.

घराचा करार नवऱ्याच्या नावावर होता, म्हणून घर सांभाळणाऱ्या एजंटबाईला मेल त्यानंच टाकला. चार दिवसांनी गॅसफिटर आला. साठीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा, वागायला अगदी सज्जन. दारातच "किआ ओरा" असा इथला माओरी नमस्कार केला, मग माझ्याकडे निरखून बघत खुलला. "यू आर द लेडी फ्रॉम द डेरी!"

"हो," मी म्हटलं. "आणि हा हीटर लिमिट स्विचवर तुटतोय."

लिमिट स्विच म्हणजे काय, ते सोपं आहे. हीटरच्या पोटातली हवा फाजील तापली की हा स्विच ज्योत तोडतो. पंखा मात्र चालू ठेवतो, पोट गार व्हावं म्हणून. आमच्याकडे तेच होत होतं. ज्योत विझायची आणि पंखा घोंघावत राहायचा. गॅसफिटरला मात्र ज्योतीच्या सेन्सरचा संशय होता. सेन्सर म्हणजे ज्योत पेटलीय की नाही हे ओळखणारी कांडी. ती खराब असेल तर हीटर पेटल्यावर काही सेकंदांत बंद पडतो, चार मिनिटं वाट बघत नाही. हे मी त्याला सांगितलं. इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, "हीप्स ऑफ दीज अराउंड. सेन्सरच असणार." मग घराखाली गेला, कांडी साफ केली, हीटर लावला, पाच मिनिटं हात चोळत उभा राहिला. हीटर चालूच. "स्वीट ॲज," म्हणजे सगळं झकास, असं म्हणून तो गेला. त्याच संध्याकाळी हीटर चार मिनिटांत बंद.

दुसऱ्या खेपेला मी तयारीत होते. हीटरच्या पुढच्या पत्र्यावर एक काचेचा डोळा आहे, त्यातून आतला लाल दिवा दिसतो. हीटर अडला की तो दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि कशाला किती वेळा ते माहितीपुस्तकात दिलेलं असतं. पुस्तक मी इंटरनेटवरून उतरवलं होतं. आमचा दिवा चारदा लुकलुकायचा. चार म्हणजे लिमिट स्विच. पान काढून मी गॅसफिटरसमोर धरलं. त्यानं ते नीट वाचलं. मग प्रेमळपणे विचारलं, "हबी कधी येतो घरी? त्याच्याशी बोललो असतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा नवरा लाख गुणांचा आहे, पण त्याला कुकरची रिंग बदलता येत नाही. "हबीला बर्नरमधलं काही कळत नाही," मी म्हटलं. "जे बोलायचं ते माझ्याशी बोला." तो हसला. मी विनोद केला असं त्याला वाटलं. भिंतीवरचा थर्मोस्टॅट बदलून, पुन्हा पाच मिनिटं हीटर चालतो हे बघून तो निघून गेला. आणि दोन दिवसांनी एजंटबाईचा मेल आला. गॅसफिटरने दोनदा तपासणी केली असून हीटर उत्तम चालतो. उबदार देशांतून आलेल्या कुटुंबांना इथल्या थंडीची सवय व्हायला थोडा वेळ लागतो. घरात एकावर एक कपडे घालावेत.

तो मेल मी तीनदा वाचला. तेरा अंश हे तेरा अंशच असतात, मोजणाऱ्याचा जन्म कुठं झाला यावर ते ठरत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "आता बघच तू." तो म्हणाला, "मी एक इलेक्ट्रिक हीटर आणतो ना." मी म्हटलं, "आणलास तर तो आणि तू दोघंही बाहेर झोपाल."

पण एक गोष्ट मलाही टोचत होती. गॅसफिटर असताना हीटर पाच मिनिटांच्या पुढे चालायचा कसा? दोन्ही खेपांना मी वहीत लिहिलं होतं, तो गेल्यावरही आणखी चार-पाच मिनिटं चालला होता. माणूस बघून यंत्र बदलत नाही. आमचे टेस्टिंगचे साहेब म्हणायचे, यंत्र वेगळं वागलं तर आधी बघ की तू काय वेगळं केलंस. एका रविवारी सकाळी चहा घेत मी वही पहिल्यापासून वाचली. शंभरेक नोंदींत फक्त तीन दिवस असे होते, की हीटर नऊ-दहा मिनिटं चालला. दोन दिवस गॅसफिटरचे. तिसरा दिवस, नवऱ्याच्या ऑफिसातली दोन कुटुंबं जेवायला आली होती तो.

मी समोर बघितलं. समोर आमच्या गाद्या होत्या.

हे समजायला आमचं राहणं सांगावं लागेल. घर तीन बेडरूमचं. इथली माणसं हिवाळ्यात प्रत्येक खोलीत एकेक माणूस आणि प्रत्येक खोलीत ऊब अशी झोपतात. आम्हाला ते जमलं नाही. थंडी सुरू झाल्यावर आम्ही तिघांनी पुढच्या मोठ्या खोलीत जमिनीवर शेजारी शेजारी गाद्या घातल्या आणि तिथंच मुक्काम ठोकला. मग रिकाम्या खोल्या कशाला तापवायच्या? तिथल्या जमिनीतल्या चारही जाळ्यांच्या पट्ट्या मी स्वतः बंद केल्या होत्या. माणूस नसलेल्या खोलीत दिवा चालू ठेवायचा नाही हे ज्या घरात शिकवतात, त्या घरातली मी. त्यातल्या एका जाळीवर तर भारतातून आणलेल्या मोठ्या बॅगा रचल्या होत्या, तीन वर्षांत न उघडलेल्या. पुढच्या खोलीत तीन जाळ्या, त्यातल्या दोन गाद्यांखाली. स्वयंपाकघरात एक. पॅसेजमधल्या जाळीवर कपडे वाळत घालायचा घोडा, कारण वेलिंग्टनच्या पावसात कपडे वाळवणार कुठं? म्हणजे नऊ जाळ्यांपैकी खऱ्या अर्थानं उघड्या होत्या दोन. हीटर हवा तापवत होता आणि हवेला जायला वाटच नव्हती. ती त्याच्याच पोटात तुंबत होती आणि स्विच आपलं काम चोख करत होता.

आणि पाहुणा येणार म्हटलं की काय करत होते मी? गाद्या उचलून कपाटात. कपड्यांचा घोडा घडी करून आत. परक्या माणसाला आपण तिघं जमिनीवर झोपतो हे कशाला दिसू द्यायचं? गॅसफिटर यायच्या आधी दोन्ही वेळेला मी घर असं आवरलं होतं, की जणू तो मुलगी बघायला येतोय. तीन जाळ्या मोकळ्या व्हायच्या, हीटर दहा मिनिटं चालायचा, गॅसफिटरला दोष दिसायचा नाही. दोष मीच लपवून ठेवत होते.

लाज वाटली. खरंच वाटली. कारखान्यात कुणी शिकाऊ मुलीनं हवेची वाट बंद करून बर्नर पेटवला असता तर मी तिला फाडून खाल्लं असतं. आणि इथे मी, अकरा वर्षं सह्या केलेली बाई, स्वतःच्या घरात माती खाऊन बसले होते आणि वर जगाशी भांडत होते. थोडा वेळ असंही वाटलं, की यांचं बरोबर असेल. मी आता डेरीतलीच बाई असेन.

मग उठले. गाद्या उचलल्या, बॅगा ओढल्या, घोडा हलवला, नऊच्या नऊ जाळ्या सताड उघडल्या आणि हीटर लावला. अकरा मिनिटं चालला. आणि पुन्हा बंद. दिवा चारदा लुकलुकला.

मला इतका आनंद झाला, की मी एकटीच टाळ्या वाजवल्या. कारण सगळं मोकळं असताना हीटरनं घर वीस अंशांवर जाईपर्यंत थांबायचं काही कारण नव्हतं. म्हणजे अर्धा दोष माझा होता, पण अर्धा आणखी कुणाचा तरी होता. दही लावताना दूध किती कोमट आहे ते मोजायचा माझ्याकडे एक थर्मामीटर आहे. तो मी हीटरजवळच्या जाळीत धरला. सत्तरच्या वर! वर जाणारी वाट मोकळी असूनही हवा एवढी तापतेय, याचा अर्थ खाली येणारी हवाच कमी पडतेय. परतीच्या नळीत काहीतरी अडलं होतं.

नवऱ्याची जुनी ट्रॅकपँट चढवली, डोक्याला ओढणी बांधली, टॉर्च घेतला आणि घराखाली शिरले. हीटरपर्यंत वाकून जाता येतं. पलीकडे जमीन चढत जाते आणि पुढे कोपरांवर सरपटावं लागतं. कोळिष्टकं, ओली माती, उंदराच्या लेंड्या. हीटरचं झाकण मी उघडलं नाही, गॅसच्या नळीला बोट लावलं नाही. तो परवाना माझ्याकडे नव्हता आणि परवान्याची किंमत मला कळते. मी फक्त परतीची नळी शेवटपर्यंत बघत गेले. आणि शेवटच्या टोकाला, जिथं टॉर्चचा उजेड दारातून पोचत नाही, तिथं घरमालकानं कधीकाळी काढलेले जुने दरवाजे आणि खिडक्यांच्या चौकटी रचून ठेवल्या होत्या. टाकवत नाहीत म्हणून ठेवलेल्या. तो ढीग सरकून नळीवर रेलला होता आणि नळी पोळीसारखी चपटी झाली होती. मी पाच फोटो काढले आणि उलटी सरपटत बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट लिहिला. दोन पानं, वहीतल्या नोंदींचा तक्ता, फोटो. नवऱ्यानं वाचला आणि पहिल्याच ओळीवर अडला. पहिली ओळ होती, 'कारण एक: भाडेकरूने, म्हणजे मी, नऊपैकी सात जाळ्या बंद केल्या किंवा झाकल्या होत्या.'

"अगं, हे कशाला?" तो म्हणाला. "त्यांना कुठं माहितीये? डायरेक्ट नळीचं लिही ना. उगीच त्यांच्या हातात कोलीत."

"जे सापडलं ते लिहायचं," मी म्हटलं. "माझं झाकून त्यांचं दाखवलं तर तो रिपोर्ट कसला? ती नुसती तक्रार."

त्याच्या मेलवरून रिपोर्ट गेला. आणि त्याचंच खरं झालं. एजंटबाईचं उत्तर आलं की भाडेकरूंनी जाळ्या झाकल्याचं मान्य केल्याबद्दल आभार, विषय संपला. शिवाय घराखाली जाण्याची परवानगी भाडेकरूंना नाही. फोटोंचा उल्लेखही नाही. नवऱ्याच्या तोंडावर 'मी सांगत होतो' असं स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी डेरीतून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, एजंटबाईला फोन लावला. म्हटलं, "तुम्ही या, गॅसफिटरला आणा. मी तुम्हा दोघांसमोर हीटर तीनदा चालवून दाखवते. तिसऱ्या खेपेनंतरही माझं चुकलं असं वाटलं तर मी ह्या विषयावर पुन्हा एक शब्द काढणार नाही." ती म्हणाली, गॅसफिटरचा वेळ असा वाया घालवता येणार नाही. मी म्हटलं, "तो दोनदा आलाच आहे वाया." मग गुरुवारी सकाळची वेळ मिळाली.

त्या गुरुवारी मी घर आवरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा, माणसं येणार हे माहीत असून मी गाद्या तशाच ठेवल्या, चादरी विस्कटलेल्या, उशा लोळणाऱ्या. पॅसेजमध्ये घोड्यावर बनियन, मोजे, नवऱ्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्या. हात शिवशिवत होते, पण नाही आवरलं. नवरा ऑफिसला गेला होता आणि लेकीला सर्दी झाल्यामुळे ती घरी होती. एजंटबाई आली, चांगला राखाडी कोट घातलेली, पस्तिशीची, मागोमाग गॅसफिटर. गाद्या बघून ती दारातच थबकली. लेकीनं लगेच खुलासा केला, "वी ऑल स्लीप हिअर. इट्स लाइक कॅम्पिंग!"

"पहिली खेप," मी म्हटलं आणि हीटर लावला. "आम्ही रोज राहतो तसं." तीन मिनिटं पंचावन्न सेकंद.

मग गाद्या उचलल्या. एजंटबाईच्या समोर, एकेक करून. बॅगा हलवल्या, घोडा बाहेर नेला, सगळ्या जाळ्या उघडल्या, हीटरचं पोट गार होऊ दिलं. "दुसरी खेप. ही चूक माझी होती, ती मी काढली." आम्ही तिघं आणि पोर त्या थंडगार खोलीत घड्याळाकडे बघत उभे. अकरा मिनिटं वीस सेकंद. ज्योत बंद, पंखा चालू. गॅसफिटर आता हसत नव्हता. तो खाली जाऊन काचेच्या डोळ्यातून दिवा बघून आला. "फोर," तो हळूच म्हणाला.

"तुमच्या मिस्टरांच्या नोंदी फार व्यवस्थित आहेत," तक्ता चाळत एजंटबाई म्हणाली.

"माझ्या आहेत," मी म्हटलं. ती हसून मान हलवत राहिली.

गॅसफिटर घराखाली शिरला. या वेळी कोपरांवर. वरून आम्हाला त्याचं कण्हणं ऐकू येत होतं, मग लाकडं सरकवल्याचे आवाज, मग एक सणसणीत शिवी. लेक कान टवकारून ऐकत होती. अर्ध्या तासानं तो मातीनं भरून वर आला, गुडघा धरून. "तिसरी खेप," तो स्वतःच म्हणाला. त्यानं लावला आणि हीटर चालला. दहा मिनिटं, पंधरा, वीस. एजंटबाईनं कोट काढला. तेवीस मिनिटांनी थर्मोस्टॅटवर वीस आकडा आला, टक् आवाज झाला आणि हीटर सांगितल्यासारखा थांबला.

गॅसफिटर माझ्याकडे वळला. "यू वेअर राइट फ्रॉम द स्टार्ट," तो म्हणाला. "माझे गुडघे गेलेत, म्हणून मी पलीकडे सरपटलो नाही. सरपटायला हवं होतं. तुम्ही हे काम करायचात का?"

"अकरा वर्षं," मी म्हटलं. तोंड आपोआप उघडलं आणि बाहेर पडलं. "बॉयलर टेस्टिंग. मी इंजिनियर आहे." त्यानं हात पुढे केला. तो मी जरा जोरातच हलवला.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण शनिवारी दुपारी एजंटबाईचा शेवटचा अहवाल आला, नवऱ्याच्या मेलवर. त्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दोष परतीच्या हवेच्या नळीत आढळला, दुरुस्त करण्यात आला. भाडेकरू स्वतः इंजिनियर असून त्यांनी केलेल्या बारकाईच्या नोंदींचा उपयोग झाला. आणि पुढे मिस्टर लावून नवऱ्याचं आडनाव आणि आभार.

तो वाचता वाचता थांबला. मग म्हणाला, "जाऊ दे ना. त्या बाईला काय कळतंय. हीटर चालला ना शेवटी?"

"तू इंजिनियर आहेस हे तिला कुणी सांगितलं?"

"मेलखाली सही असते ना माझी. सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर."

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. त्या अहवालाखाली आमचा सगळा पत्रव्यवहार साखळीसारखा लटकत होता. त्यानं पाठवलेला रिपोर्ट दिसला, वर एकच ओळ: 'सोबत आमच्या नोंदी जोडत आहे.' आमच्या. मी खाली सरकत गेले. अगदी तळाला त्यानं टाकलेला पहिला मेल होता, जो मी कधी बघितलाच नव्हता. बघायची गरज वाटली नव्हती. त्या दिवशी सकाळी मी त्याला सगळं नीट सांगितलं होतं, चार मिनिटं, ज्योत विझते, पंखा चालू राहतो, लिमिट स्विच. तो हो हो म्हणाला होता. मेल तीन वाक्यांचा होता. माझ्या पत्नीला थंडी फार सहन होत नाही. तिला वाटतं की हीटर नीट चालत नाही. कृपया कुणाला तरी पाठवाल का?

मी ज्यांच्याशी दीड महिना भांडले ती माणसं त्यांच्या मनानं काही ठरवून आलीच नव्हती. थंडी सहन न होणारी एक बाई आहे आणि तिला काहीतरी वाटतंय, हे त्यांना माझ्या घरातून कळवलं होतं.

"मला वाटलं, असं लिहिलं की लवकर येतील," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

मी ओरडले नाही. एरवी मी दुधाला ऊत आला तरी ओरडते. मला फार एकटं वाटलं आणि त्यामुळे फार रागही आला. मी लॅपटॉप पुन्हा त्याच्याकडे वळवला.

"लिही," मी म्हटलं.

"काय?"

"मी कोण आहे ते."

तो बराच वेळ टाइप करत होता. खोडत होता, पुन्हा लिहीत होता. मध्येच, माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, "अकरा वर्षं ना?"

"अकरा."

मग त्यानं वाचून दाखवलं. "हीटरमधलं मला काहीही कळत नाही. दोष माझ्या बायकोने शोधला. ती बॉयलरची इंजिनियर आहे, तिने अकरा वर्षं हेच काम केलं आहे. तिने पहिल्या दिवशी मला दोष अचूक सांगितला होता. तो मी तुम्हाला कळवला नाही, ही माझी चूक. कृपया अहवाल दुरुस्त करून तिच्या नावाने पाठवा." त्यानं मान वर केली. "पाठवू?"

"'कृपया' काढ," मी म्हटलं, "आणि पाठव."